दोन दांड्यांची गाडी

टाकाऊ वस्तू विभागाचे छाननी अधिकारी, ज्यांना अख्खं कार्यालय पाठीमागे आणि काही धीट माणसं तोंडावरही त्रुटीसाहेब म्हणत, यांच्या मालकीची एक जुनी, लाल, दोन आसनी स्पोर्ट्स कार होती. तिचा तिसरा गिअर पडत नसे. पहिला पडे, दुसरा पडे, चौथा तर नको तेव्हा पडे. तिसऱ्यासाठी मात्र दांडा हातभर पुढे न्यायचा, थोडा उचलायचा आणि मग चष्मा हरवलेल्या माणसासारखं तिथल्या तिथे चाचपत बसायचं. बारा वर्षांपूर्वी डोंगरावरच्या दीपगृहाकडे जाताना ऐन चढावर हे चाचपणं लांबलं आणि गाडी मागे घरंगळत जाऊन कठड्याला टेकली. त्या दिवसापासून साहेबांच्या पत्नीने गाडीत पाऊल ठेवलं नव्हतं.

"येत्या सव्वीस तारखेला आपल्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात," त्या एके दिवशी म्हणाल्या. "त्या संध्याकाळी पाचला मी गाडीत येऊन बसेन. तिसरा पडला तर दीपगृहापर्यंत जाऊ. नाही पडला तर गाडी द्यायची कुणाला तरी आणि गॅरेजात माझा शिवणवर्ग. किती वर्षं मी सहा मशिनी जेवणाच्या टेबलाभोवती मांडू, सांगा ना."

साहेबांना नाही म्हणायला जागा नव्हती. गाडीवर त्यांचा जीव होता. आयुष्यात त्यांनी जिच्यात त्रुटी काढली नाही अशी ही एकच वस्तू, आणि त्रुटींखेरीज तिच्यात फारसं काही नव्हतं.

मिस्त्रीने दांड्याभोवतीचं चामड्याचं आवरण सोडवलं, आत बोट घातलं आणि काळा भुगा बाहेर काढून दाखवला. "हे तुमचे दांड्याखालचे रबरी बुश. होते. दांडाही नको एवढा लांब आहे. आखूड टाकू, खाली पितळी बुश घालू. हात हलवायचा नाही मग, नुसतं मनगट."

दोन तासांनी साहेब गाडीत बसले आणि त्यांनी तिसरा टाकला. टक् असा आवाज झाला. त्यांनी तो काढून पुन्हा टाकला. असं चाळीसेक वेळा झाल्यावर मिस्त्री म्हणाला, "साहेब, झिजेल हो." साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

दुसरा कुणी असता तर इथून थेट घरी गेला असता. साहेबांनी रुमालाने डोळे टिपले आणि विचारलं, "याची नोंद कुठे करायची?"

"कसली नोंद?"

"वाहनाच्या नियंत्रण साधनात बदल केल्यास तीस दिवसांत कळवावं, असा नियम आहे."

"मी वीस वर्षं दांडे बदलतोय. कुणी कुणाला कळवल्याचं ऐकलं नाही अजून."

"म्हणूनच ही परिस्थिती आहे," साहेब म्हणाले.

शेजारच्या दंतवैद्यांनीही कुंपणावरून हेच सांगितलं. "कशाला दुखणं अंगावर घेता? कोण बघतंय?" हेच दंतवैद्य, गल्लीतल्या एका गाडीचं चाक आखलेल्या रेषेबाहेर वीतभर येतं म्हणून तीन लेखी तक्रारी करून बसले होते, फोटोंसह.

वाहन नोंदणी कार्यालयात खिडकी क्रमांक चारवरच्या बाईंनी अर्ज पुढून-मागून पाहिला. "जुना दांडा कुठे आहे?"

"काढला."

"असं कसं चालेल? तपासणीला वाहन मूळ नोंदणीप्रमाणे लागतं. जुना बसवून आणा."

"मग नवा कसा दिसेल तुम्हाला?"

"नवाही लागेल. नाहीतर तपासायचं काय?"

साहेबांनी या युक्तिवादात फट शोधली. तीस वर्षांच्या अनुभवी नजरेलाही ती सापडली नाही, आणि बाईंविषयी त्यांना मनापासून आदर वाटला.

मिस्त्रीने डोक्याला हात लावला, पण जुना दांडा हँडब्रेकशेजारी वेल्डिंग करून उभा केला. तो कशालाही जोडलेला नव्हता. तपासणीच्या दिवशी निरीक्षकांनी गाडीला तीन प्रदक्षिणा घातल्या, वाकून आत पाहिलं आणि बोटांनी मोजलं.

"दोन दांडे आहेत."

"हो. तुमच्या खिडकी चारच्या सांगण्याप्रमाणे."

"दोन दांडे म्हणजे दोन चालक. दोन चालक म्हणजे प्रशिक्षण वाहन."

"अहो, पण जुना दांडा कशालाही जोडलेला नाही."

"शिकाऊ माणसाच्या हातात तसाच द्यायचा असतो," निरीक्षक म्हणाले आणि त्यांनी वर्ग बदलल्याचा शिक्का मारला.

गाडीला पुढे-मागे पाट्या लागल्या: शिकाऊ चालक, अंतर ठेवा. परवानाधारक प्रशिक्षक शेजारी असल्याशिवाय ती रस्त्यावर आणायला मनाई झाली. बत्तीस वर्षं गाडी चालवणाऱ्या साहेबांना ती घरी नेण्यासाठी कार्यालयासमोरच्या मोटार स्कूलमधून एक प्रशिक्षिका बोलवावी लागली. त्यांच्या निम्म्या वयाची ती मुलगी वाटभर "काका, क्लच हळू सोडा" म्हणत होती. पुलाच्या चढावर ती आपणहून म्हणाली, "तिसरा छान पडतो हो तुमचा." गेल्या दोन आठवड्यांत साहेबांना कुणी बोललेलं ते एकमेव बरं वाक्य.

वर्ग पूर्ववत करायचा तर जुना दांडा काढणं भाग होतं. पण काढलेला दांडा उद्या कुणी पुन्हा बसवला तर? तेव्हा तो कायमचा नष्ट झाल्याचा दाखला हवा, तो हाती आला की त्याच क्षणी वर्ग पूर्ववत, असं खिडकी चारने सांगितलं. हा दाखला देण्याचा अधिकार शहरात एकाच कार्यालयाला होता. टाकाऊ वस्तू विभागाला.

साहेबांचा जीव भांड्यात पडला. आपलंच कार्यालय. घरी येऊन त्यांनी सांगितलं तेव्हा पत्नी पहिल्यांदाच हसल्या आणि कपाटातून एक निळा स्कार्फ काढून त्याला इस्त्री करायला लागल्या. साहेबांनी गॅरेजात जाऊन गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून अर्जावर सही केली. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने कापून दिलेला दांडा कोठारात जमा झाला, त्याला चिठ्ठी लागली, त्याचा चुरा झाला. अर्ज आवक विभागातून निघाला, चार टेबलांवर रीतीप्रमाणे मुक्काम करत गेला आणि सव्वीस तारखेला दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी शेवटच्या टेबलावर आला. ते टेबल त्रुटीसाहेबांचं होतं.

त्यांनी पेन उचललं. मग सहीआधीची शेवटची नजर टाकली, नेहमीसारखी, खालून वर, पट्टी धरून. अर्जदाराच्या सहीतल्या शेवटच्या अक्षराची शेपटी चौकटीबाहेर आली होती. फार नाही, तांदळाच्या दाण्याएवढी.

याच कारणासाठी त्यांनी हजारो अर्ज पुन्हा आवक विभागापासून सुरू करायला परत पाठवले होते. एका आजोबांची मोडकी खाट तीनदा परत गेली होती. चौथ्यांदा आजोबा आले नाहीत.

शेजारच्या टेबलावरचे नोंदलेखक जरा वाकून हळूच म्हणाले, "साहेब, आज तारीख काय आहे, मला माहीत आहे. करून टाका. तुमचाच तर आहे."

"तीच तर अडचण आहे," साहेब म्हणाले. त्यांनी शेरा लिहिला, अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं. "अर्जदाराची सही चौकटीबाहेर. त्रुटी दूर करून सात दिवसांत फेरसादर करावे." मग ते उठले, टेबलाला वळसा घालून समोर आले आणि अर्ज परत मिळाल्याची पोच दिली. या वेळी सही चौकटीत बसली.

पाच वाजता ते घरी पोचले तेव्हा पत्नी गाडीत बसलेल्या होत्या. निळा स्कार्फ, गॉगल, मांडीवर थर्मास.

"बसा हो लवकर. ऊन आहे तोवर पोचू."

"एक त्रुटी निघाली," साहेब म्हणाले.

"कुणी काढली?"

"छाननी अधिकाऱ्यांनी."

पत्नींनी गॉगल काढला. "कसा आहे माणूस?"

"प्रामाणिक आहे."

"घरदार आहे का त्याला?"

"आहे. पंचवीस वर्षं झाली आज."

त्यांनी स्कार्फ सोडला, त्याची चार पदरी घडी घातली आणि त्या गाडीतून उतरल्या. भांडल्या असत्या तर साहेबांना बरं वाटलं असतं.

आता गॅरेजात सहा मशिनी चालतात. गाडी शेजारच्या दंतवैद्यांनी घेतली. त्यांनी पाट्या त्याच दिवशी उपटून टाकल्या आणि पहिल्याच रविवारी ते सपत्नीक दीपगृहापर्यंत जाऊन आले. वर्ग बदल, मालकी बदल, कशाचीच नोंद केली नाही, आणि त्यांना कुणी विचारलंही नाही. रोज सकाळी ते कोपऱ्यावर गिअर बदलतात. टक् असा आवाज येतो, आणि गॅलरीत चहा पीत उभ्या असलेल्या साहेबांचा कप ओठांशी जरा थांबतो.

आता तुमचं. फाइल शेवटच्या टेबलावर आली तेव्हा, साहेबांनी पेन उचललं तेव्हा, तुम्ही मनात काय म्हणालात? "करा की सही, कोण बघतंय," असंच ना? आजोबांच्या खाटेच्या वेळी मात्र तुम्ही त्याच टेबलावरच्या माणसावर चिडला होतात. आपल्या माणसाची फाइल तेवढी पुढे सरकावी आणि बाकी सगळं कसं नियमानं चालावं, अशी आपली मागणी असल्यास ती लेखी द्यावी. नाव, पूर्ण पत्ता आणि खाली सही. सही चौकटीबाहेर जाता कामा नये.