सखोबा गव्याच्या म्हातारपणाचं मापटं

एका जंगलात एक गवा नोकरीला होता. हसू नका, मुलांनो. गव्यालाही पोट असतं, आणि ते तुमच्यापेक्षा बरंच मोठं असतं.

त्याचं नाव सखोबा. अस्वलशेठच्या मधाच्या पेढीवर तो बुधले वाहायचा. दर पौर्णिमेला पगाराची ज्वारी मिळे. शेठ त्यातलं एक मापटं कापून घेत.

"तुझ्याच म्हातारपणासाठी हो, सखोबा," ते म्हणत. म्हणताना त्यांचा गळा दाटून येई. मधाने घसा धरतो म्हणतात, पण आपण कशाला वाईट बोला?

कापलेली ज्वारी खारूताईंच्या कोठारात जमा करायची, असा जंगलचा कायदा होता. सोबत यादी हवी, कोणाची किती ते सांगणारी. यादीशिवाय एक दाणा आत घ्यायचा नाही, हाही कायदाच.

यादी करायला शेठनी साळिंदर नेमला. त्याच्या अंगावरच इतके बोरू, म्हणजे लेखणीचा खर्च वाचला! त्याला लिहिता येतं का, हे विचारायचं तेवढं राहून गेलं.

"साळिंदरराव, यादी झाली का?" सखोबा विचारी.

"झालीच म्हण. शेठच्या पंजाचा ठसा तेवढा राहिलाय."

शेठना विचारावं, तर ते म्हणत, "ठसा द्यायला मी एका पायावर तयार आहे रे. पण देऊ कशावर?"

सखोबाला दोघांचंही पटायचं. एवढ्या मोठ्या डोक्यात संशयाला जागा नव्हती, बिचाऱ्याच्या.

इकडे शेठच्या अंगणात ज्वारीचा ढीग वाढत गेला. "पडून किडण्यापेक्षा पेरलेली बरी," असं म्हणून शेठनी ती आपल्या माळावर पेरली. पीक तरारून आलं. कणसं पाहून सखोबानेही कौतुकाने मान डोलावली.

पुढे सखोबाचे गुडघे गेले. शेठनी शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला. शाल अंगाला पुरेना, म्हणून शिंगाला बांधली. तशीच मिरवत तो कोठारावर गेला.

"खारूताई, माझं नाव बघा हो."

"तुमचं नाव नाही, सखोबा."

"अहो, जन्मभर कापून दिलंय!"

"दिलं असेल. पण यादीच आली नाही, तर मी काय करू?" खारूताईंना खरंच वाईट वाटलं. त्यांनी आपल्या गालातला एक शेंगदाणा काढून दिला. तो सखोबाच्या दातात अडकला.

चरायला डोंगर चढावा लागतो. या गुडघ्यांनी आता कसा चढायचा? लंगडत तो शेठकडे गेला.

"अरेरे!" शेठ हळहळले. "यादी पुढच्या पौर्णिमेला नक्की जाईल. पण तोवर उपाशी का राहतोस? माझ्या ज्वारीची राखण कर. बसून काम आहे."

सखोबाचे डोळे भरून आले. असा मालक मिळायला भाग्य लागतं, असं त्याला मनापासून वाटलं. त्याने इतक्या इमानाने राखण केली, की एकाही चिमणीला कणसावर टेकू दिलं नाही. स्वतःही तोंड लावलं नाही.

पौर्णिमेला मजुरी मिळाली. शेठनी त्यातलं एक मापटं बाजूला काढलं.

"हे कशाला, शेठ?"

"वेड्या, तुझ्या म्हातारपणाची सोय नको का करायला?"

तात्पर्य : मालकाच्या दिरंगाईला नावं ठेवू नयेत. यादी वेळेवर गेली असती, तर सखोबाला म्हातारपणी घरी बसून आयतं खावं लागलं असतं.