धनेशाचा पंखा आणि महाराजांचं बोट

एका जंगलात, मुलांनो, एक धनेश पक्षी राहत होता. चोच भली मोठी, स्वभाव भित्रा. सगळे त्याला वामनराव म्हणत.

त्याची बायको कुमुदिनी अंड्यांवर बसली होती. धनेशांची रीतच अशी, की मादीने झाडाच्या ढोलीत शिरायचं, दार चिखलाने लिंपायचं आणि आतच राहायचं. नवऱ्याने फटीतून फळं द्यायची. चैत्र संपत आला होता. ढोलीची भट्टी झाली होती.

"अहो, मी उकडतेय ते ठीक," कुमुदिनी म्हणाली. "पण अंडी उकडली तर?"

वामनराव हादरले. ढोलीला वारा घालायला पंखा करायचं ठरलं. सहलीला आलेल्या माणसांनी टाकलेली मोडकी खेळणी त्यांनी गोळा केली. त्यांतून तांब्याची तार, सेल आणि खिळे मिळाले.

कुमुदिनी फटीतून सांगू लागली. "खिळ्याला तार गुंडाळा. सेल जोडला की खिळ्याचा चुंबक होतो. आता तारेचं एक वेटोळं करा आणि सेललाच जोडलेल्या दोन खिळ्यांवर त्या चुंबकासमोर टांगा."

वामनरावांनी टांगलं. वेटोळं ढिम्म.

"टोकांवरचं व्हार्निश खरवडलंत का?"

"तारेला व्हार्निश असतं?"

"असतं. त्याने वीज अडते. एक टोक पूर्ण खरवडा, दुसरं अर्धंच. नाहीतर वेटोळं नुसतं डुलत बसेल."

वामनरावांनी चोचीने खरवडलं. वर स्वतःची दोन पिसं पाती म्हणून लावली. आता फक्त एक टिचकी मारायची राहिली होती. तेवढ्यात कोल्हा प्रधान धावत आला.

"थांबा! जंगलात नवीन काहीही महाराजांच्या हस्तेच सुरू होतं."

सिंहमहाराज आले. तासभर भाषण झालं. मग महाराजांनी टिचकी मारली आणि पंखा गरगर फिरला.

"पाहिलंत?" महाराज स्वतःच्या बोटाकडे बघत म्हणाले. "काय ताकद आहे!"

असा पंखा राजवाड्यातच शोभेल, असं प्रधानाला वाटलं. तो पंखा घेऊन गेला. वामनरावांना नारळ मिळाला. धनेश नारळ खात नाहीत.

"गेला?" आतून आवाज आला.

"गेला," वामनराव रडवेले होऊन म्हणाले.

"सामान उरलंय ना? मग बसा कामाला. आणि या वेळी टिचकी आपली आपणच मारा. गुपचूप."

दुपारपर्यंत दुसरा पंखा फिरू लागला. ढोलीत वारा शिरला. कुमुदिनीने डोळे मिटले.

दोन दिवसांनी प्रधान घामाघूम होऊन आला. "राजवाड्यातला पंखा बंद पडलाय! शेजारच्या जंगलाचे पाहुणे बसलेत आणि महाराज सकाळपासून टिचक्या मारतायत!"

"अहो, त्याचा सेल..." वामनराव बोलू लागले. फटीतून चोच बाहेर आली आणि तिने त्यांच्या शेपटीला कडकडून चिमटा काढला.

"प्रधानजी," कुमुदिनी गोड आवाजात म्हणाली, "पंखा उत्तम आहे. महाराजांचं बोट दमलंय. तीन महिने त्याला पूर्ण विश्रांती हवी."

महाराजांना ते पटलं. बोटाला पट्टी बांधली गेली आणि उद्घाटनं थांबली.

वर्षभर फीत बांधून ठेवलेल्या नव्या पाणवठ्यावर हरणं सरळ पाणी पिऊ लागली. ओढ्यावरच्या नव्या पुलावरून म्हशी गेल्या. पूल पडला नाही. वामनरावांच्या ढोलीत अंड्यांतून दोन पिल्लं बाहेर आली. कुणी भाषण केलं नाही, तरी ती वाढली.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरं बोलावं. फक्त सेल संपल्याचं राजाला सांगण्याची घाई करू नये.