अहिरेकाकांचा हिरवा

सकाळी सात वाजता बेल वाजली आणि दारात लोकरीची ओली लडी घेऊन उभ्या असलेल्या गृहस्थांनी "घरात वांगं आहे का?" असं विचारलं, तर घाबरू नका. ते आमच्या समोरच्या फ्लॅटमधले अहिरेकाका. मी मात्र चार वर्षांनंतरही घाबरतो, कारण बेल वाजली की आधी धस्स होणं हा माझा स्वभावच आहे.

मी वांगं आणतो. काका लडी त्याला लावून बघतात.

"सर, जुळतोय का रंग?"

"जुळतोय की."

"कसला जुळतोय! ओला रंग खोटं बोलतो. वाळू द्या, मग सांगा."

वाळल्यावर पुन्हा बेल.

काकांनी ओझरच्या विमान कारखान्यात पस्तीस वर्षं रंग तपासले. चुकीच्या छटेचा एक पत्राही हातून सुटला नाही, हे ते लिफ्टमध्ये अनोळखी माणसालाही ऐकवतात. निवृत्तीनंतर तपासायला विमानं उरली नाहीत, तेव्हा त्यांची नजर काकूंच्या गालिच्याकडे वळली. काकू चौकटीवर ताणलेल्या गोणपाटातून आकड्याने लोकरीचे फंदे वर ओढतात आणि फुलं उमटवतात. बाजारातली रंगीत लोकर काकांना पसंत नाही. काका मूळचे कळवणचे, त्यामुळे चिडले की गावाकडची बोली बाहेर येते. "ह्यो गुलाबी? ह्यो तर तापाच्या औषधाचा रंग हाय!" म्हणून ते पांढरी लोकर आणून घरीच रंगवतात. गॅसवर मोठं पातेलं, त्यात रंग आणि व्हिनेगर, हातात थर्मामीटर. पाण्याला खळखळून उकळी फुटू द्यायची नाही, लोकर जोरात ढवळायची नाही, आणि तेवढा वेळ घरात कोणी शिंकायचंही नाही. एकदा मी शिंकलो. त्या लडीवरच्या डागाचा ठपका अजून माझ्यावर आहे.

गेल्या वर्षी काकूंच्या डोळ्यांच्या पडद्याला त्रास सुरू झाला. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. काकू घरी येऊन एवढंच म्हणाल्या, "ज्या दिवशी रंग चुकेन, त्या दिवशी आकडा खाली ठेवीन." काकू बोलल्या म्हणजे बोलल्या. तेव्हापासून काकांचे रंग भडक होत गेले. लड्यांना गाठी मारून खुणा करू का, असं त्यांनी एकदा विचारलं, तर काकू दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

गेल्या गुरुवारी बेल वाजली आणि काकांच्या हातात लडी नव्हती.

"सर, या जरा. आवाज करू नका."

काकू आंघोळीला गेल्या होत्या. चौकटीवर लालभडक जास्वंद फुलली होती आणि तिच्याखालचं अख्खं पान जांभळं होतं.

"जांभळा कृष्णकमळासाठी दिला होता," काका कुजबुजले. "तिला हिरव्यासारखाच दिसला. लय घोळ झालाय, सर. उसवावं तर तिच्या बोटांना कळेल. शनिवारी मुलगी येतीय पुण्याहून. ती आल्या आल्या विचारील, आई, पान जांभळं कसं? मग संपलं."

आतलं पाणी बंद झालं. आम्ही दोघं चोरासारखे उभे.

काकू बाहेर आल्या. काकांनी घसा खाकरला. "अगं, एक सांगायचं राहिलं. परवा हिरवा बिघडला माझा. पुडी चुकली, जांभळा उतरला. तीच लडी तुला हिरवी म्हणून दिली. लाज वाटली, म्हणून बोललो नाही. विचार सरांना, पान जांभळं झालंय."

मला खोटं बोलता येत नाही. "चक्क जांभळं आहे, काकू," मी म्हणालो. ते खरंच होतं.

काकूंनी पानावरून बोटं फिरवली. बराच वेळ फिरवली. मग त्या हसल्या.

"पस्तीस वर्षं विमानं तपासलीत आणि पुडी चुकलात? असू द्या. सगळी पानं जांभळीच करते आता. हाच रंग पुन्हा काढून द्या म्हणजे झालं."

शनिवारी मुलगी आली. काकू तिला वडिलांची चूक रंगवून रंगवून सांगत होत्या आणि दोघींचं हसणं आमच्या घरापर्यंत ऐकू येत होतं. मी गेलो, तर काका मागच्या गॅलरीत जांभळ्या लड्या वाळत घालत होते. ज्याने जन्मात एक छटा चुकू दिली नाही, तो माणूस ते हसणं मान खाली घालून ऐकत होता.

त्यांनी एक लडी माझ्यापुढे धरली. "जुळतोय का, सर?"

"ओली आहे, काका."

"असू द्या," ते म्हणाले. "या रंगाला ओलाच पास करा."