जानूतात्यांची लक्झरी

आमच्या धसईत जानूतात्यांच्या ओटीवर लक्झरी बसची एक जोडसीट होती. मरून मखमलीची, डोक्याशी पांढरं कापड लावलेली, बटण दाबलं की पाठ मागे जाणारी. वर नंबर लिहिलेले, सात आणि आठ. बाकीची बस नव्हती. ती मुरबाडच्या भंगारवाल्यानं कापून कधीच विकली होती.

तात्या रोज संध्याकाळी आंघोळ करून आठ नंबरवर बसत. सात नंबर रिकामा असे. कोणी त्यावर टेकू लागलं की तात्या शांतपणे म्हणत, "ती रिझर्व हाय."

आम्ही त्यांचे शेजारी. मी तेव्हा मुरबाडच्या इंग्रजी शाळेत दहावीला होते. शाळेत इंग्रजी बोलताना अडखळायचे आणि गावात मराठी बोलताना, म्हणून एकूण कमीच बोलायचे. तात्यांना माझ्या शिक्षणाचा एकच उपयोग ठाऊक होता.

"पोरी, लक्झरी म्हंजे काय गो?" त्यांनी एकदा विचारलं.

धसईत त्याचा अर्थ एकच होता, माळशेजच्या रस्त्यानं न थांबता जाणारी प्रायव्हेट बस. पण विचारणारा शिकलेल्या माणसाला विचारत होता. मी मनात वाक्य जुळवलं आणि म्हणाले, "चैन. गरजेपेक्षा जास्तीचं सुख."

तात्या विचारात पडले. "मंग त्यात बस कुठं आली?"

"बस नाही येत त्यात."

"बरं झालं," ते म्हणाले. "बस नसली तरी चालतंय म्हंजे."

त्या दिवसापासून तात्यांनी तो शब्द ताब्यात घेतला. चहाबरोबर ते दोन बिस्किटं घेत. एक बुडवून खात, ते पोटासाठी. दुसरं कोरडं, सावकाश, डोळे मिटून. "ह्ये लक्झरीचं." बनियनला इस्त्री करून घेत. इस्त्रीवाल्यानं विचारलं, "तात्या, सदऱ्याखाली कोनाला दिसनार?" तर म्हणाले, "मला म्हाईत असतं ना." वासाचा साबण आणून ठेवला होता, पण तो कधी भिजला नाही. वेष्टणासकट कपड्यांत ठेवायचा आणि सणावाराला नाकाशी धरायचा. अंगाला रोजचाच.

उन्हाळ्यात बाजाराच्या दिवशी ते मासळीवालीकडून बर्फाचा एक खडा मागून आणत आणि लिंबाच्या सरबतात घालत. मला एकदा तो पेला प्यावा लागला. बांगड्याचा वास स्पष्ट येत होता. माझा चेहरा बघून तात्या म्हणाले, "सरबतात सरबत, मासळीत मासळी. शहरात ह्येचं येगळं बिल लावतात."

त्या वर्षांत शहापूर-मुरबाडच्या माळांवर बंगल्यांच्या स्कीमा उगवत होत्या. एक प्लॉटवाला गावात गुळगुळीत इंग्रजी पुस्तिका वाटून गेला. तात्यांनी मला ती वाचायला बसवलं. मी अर्थ सांगत गेले. मोकळी हवा. विहिरीचं पाणी. झाडावरचा फणस. कोंबड्याच्या आरवण्यानं जाग. चुलीवरची भाकरी. तात्या प्रत्येकावर मान डोलवून "हाय" म्हणत होते. शेवटी 'क्लब हाउस' आलं.

"त्ये काय?"

"लोक एकत्र बसून गप्पा मारतात ती जागा."

तात्यांनी अंगणातल्या उकिरड्यापलीकडच्या पाराकडे पाहिलं. "त्ये बी हाय," ते म्हणाले. "आपुन गरीब हाय ह्ये आपल्याला कोनी सांगितलं गो?"

या सगळ्या चैनीत दोन गोष्टी कुणालाच कळत नव्हत्या. पहिली म्हणजे, भंगारवाल्याकडे याहून चांगल्या सीटा पडल्या होत्या. तात्यांनी दोनदा मुरबाडला खेप घातली आणि हट्टानं हीच आणली, एका कडेला फाटलेली. दुसरी म्हणजे, पाठ मागे जाणारी ही सीट त्यांनी भिंतीला घट्ट चिकटवून ठेवली होती. पाठ बोटभरही मागे जात नसे.

गावातल्या प्रत्येकानं त्यांना हे समजावून झालं होतं. "तात्या, हातभर पुढं घ्या, मंग बघा कसं झ्याक आडवं होतंय."

"नको. मागं जागा नको."

"मंग पुशबॅक घेतली कशाला?"

"शोभंला."

सात नंबर कोणासाठी रिझर्व आहे, हे मात्र अख्ख्या गावाला माहीत होतं. तो सखूकाकूंसाठी होता. तात्यांनी त्या बाजूला ओटीच्या कठड्यावर चुण्यांचा पडदा लावला होता. बाजूला सारला की भाताची खाचरं आणि मुरबाडचा रस्ता दिसे. म्हणजे खिडकीसुद्धा होती. फक्त काकू बसत नव्हत्या.

"मला गाडी लागते," त्या म्हणत.

ते खरं होतं. काकूंना गाडी अशी लागायची की एसटी नुसती स्टँडवर उभी दिसली तरी त्या पदर नाकाला लावत. लेक किन्हवलीला दिलेली. नातीच्या बारशाला तात्या एसटीनं गेले आणि काकू चालत. काकूंच्या डोक्यावर बाळंतविड्याचं गाठोडं होतं. तात्या तिकडे दोन चहा पिऊन झाल्यावर त्या पोचल्या.

"काकू, पन ही हलत नाय," पारावरची माणसं चिडवत.

"दिसते तर गाडीवानीच. वास बी तोच हाय."

"तात्याचा जीव अडकलाय त्या सातात. बसा की एकदा."

"जीव कसला, शान हाय ती," काकू म्हणत आणि भांडी घासायला जात. तात्या आठ नंबरवर तसेच बसलेले असत, रस्त्याकडे बघत. मलाही ती शानच वाटायची. बायकोला शेजारी बसवून गावाला दाखवायची शान.

एकदा सुट्टीत मी काकूंच्या ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होते. तात्या शेतावर गेले होते. न बोलणाऱ्या माणसाजवळ लोक पुष्कळ बोलतात, हा माझा अनुभव. तरी त्या दिवशी वाक्य मीच जुळवून ठेवलं होतं.

"काकू, एकदा बसलात तर त्यांना बरं वाटेल ना?"

काकूंच्या हातातली शेंग थांबली नाही. "मी बसले होते, बाय. सात नंबरवरच."

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. तात्या मुरबाडच्या एका कारखान्यात होते, तेव्हाची. कारखान्याची सहल निघाली होती, जोडप्यांची, लक्झरीनं, माळशेज चढून पलीकडे. काकूंनी नवं लुगडं नेसलं होतं. सात नंबर काकूंचा, खिडकीचा. आठ तात्यांचा.

"घाटाखालच्या वैशाखऱ्यापतुर बरी होते. मंग घाट लागला. आन मला बी लागला." काकू थोडं हसल्या. "लुगड्यावरच झालं समदं. बाया नाकाला रुमाल लावाय लागल्या. कोनीतरी पुढनं इचारलं, कोनाची मंडळी ही? समदे हसले. तशी ह्ये उठले आन पार मागच्या शिटावर जाऊन बसले. खिडकीतनं भायेर बघत. जनू मी कोनाची कोन."

"मग?"

"मंग काय. घाट संपंस्तवर नाय आले."

त्यांनी सोललेले दाणे सुपात एका बाजूला केले. "कधी बोललो नाय आमी त्येच्यावर. त्ये बी नाय, मी बी नाय. आता नंबर बी हुडकून तोच आनलाय. मला काय कळत नाय व्हय?"

मी शेंगा सोलत राहिले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत गावात एक साहेब यायचे ठरले. बसथांब्यावर पत्र्याची शेड झाली होती, तिचं उद्घाटन. मागच्या खेपेला भाषण सुरू असताना साहेबांच्या खालची प्लास्टिकची खुर्ची फाकली होती, आणि त्यानंतर दोन वर्षं गावाला पत्रासुद्धा मिळाला नव्हता. सरपंचांनी तो धडा नीट घेतला होता. आदल्या दिवशी दुपारी ते चार माणसं घेऊन तात्यांच्या ओटीवर आले. मी त्या दिवशीही मांडीवर सूप घेऊन तिथेच बसले होते.

"तात्या, उद्याच्याला ही सीट स्टेजवर पायजे. गावाच्या इज्जतीचा सवाल हाय."

"आठ न्या," तात्या म्हणाले. "सात ऱ्हाऊ द्या."

"तात्या, जोडसीट हाय. कापायची का?"

"सात रिझर्व हाय."

"कोनासाठी? काकू तर बसत नायत. वर्स होत आलं, नुसती धूळ बसते त्येच्यावर." सरपंच समजुतीनं बोलत होते. "सातावर साहेब बसतील, आठावर मी. फोटू येईल पेपरात. खाली लिहू, सौजन्य जानूतात्या."

तात्यांनी आत बघितलं, मग खाली. ते सीटची फाटकी कड अंगठ्यानं आत खोचत राहिले. सरपंच म्हणत होते ते खरं होतं, आणि तात्यांना ते ठाऊक होतं. "न्या मंग," असं काहीसं ते पुटपुटले. दोन माणसांनी वाकून पायाशी हात घातला.

तेवढ्यात काकू आतून आल्या. हात ओले होते, ते त्यांनी पदराला पुसले. मुठीत एक लिंबू होतं. त्या वाकलेल्या माणसांच्या मधून गेल्या आणि सात नंबरवर बसल्या. लिंबू नाकाशी धरलं आणि डोळे गच्च मिटले.

"काकू, जरा उठता का?" सरपंच म्हणाले.

"गाडी चालू हाय," काकू म्हणाल्या. "मधी कसं उतरनार?"

वाकलेली माणसं सरळ झाली. मग सरपंच म्हणाले, "चला रे, मास्तरांचा सोफा बघू," आणि सगळे गेले.

मीही उठायला हवं होतं. पण मांडीवरच्या सुपात दाणे होते आणि उठले असते तर आवाज झाला असता.

तात्या उभेच होते. काकू डोळे न उघडता म्हणाल्या, "बसा ना."

ते आठ नंबरवर टेकले, अगदी कडेला, दुसऱ्याच्या गाडीत बसावं तसे. मग त्यांनी विचारलं, "लागतंय का?"

"अजून नाय." काकूंनी लिंबू हुंगलं. "वैशाखरं गेलं का?"

तात्यांनी पडदा सारून रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर एक म्हैस होती. "गेलं," ते म्हणाले.

"मंग आता घाट." काकूंचा आवाज नेहमीचाच होता. "उठून मागं जाशाल का आता?"

तात्यांनी हात मागे नेला आणि सीटला चिकटलेल्या भिंतीवर तळवा ठेवला.

"मागं जागाच नाय ठेवली गो," ते म्हणाले.

काकूंनी डोळे मिटलेलेच ठेवले. फक्त हातातलं लिंबू त्यांच्यापुढे केलं, धरायला.