समुद्र न पाहिलेले प्रतिवादी

लाल प्लास्टिकच्या दोन खुर्च्या. एकीचा पाय तारेनं आवळलेला.

ताडपत्रीला पडलेली भोकं. ज्वारीच्या दाण्याएवढी.

रुपीबाईची शेळी, नेहमीप्रमाणे दुसऱ्याच्या अंगणात.

बंगालच्या उपसागरात एक जहाज.

या सगळ्यांचा एकमेकांशी संबंध आहे असं राळेगावात कोणी म्हटलं असतं, तर लोकांनी त्याला सावलीत बसवून आधी पाणी पाजलं असतं. पुंडलिकरावांच्या वकिलांनी मात्र तो संबंध टाईप करून, शिक्का मारून आणला.

पुंडलिकरावांची राळेगावात जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधायचा कारखाना. यंदा त्यांनी पहिल्यांदाच कापसाच्या गाठी परदेशात पाठवल्या. गाठी जहीरभाईच्या ट्रकमधून मुंबईच्या बंदरात गेल्या, जहाजात चढल्या आणि बांगलादेशात चितगावला उतरल्या त्या ओल्याचिंब. तिथल्या गिरणीवाल्यानं जहाज कंपनीवर दावा ठोकला. कंपनी म्हणाली, माल आमच्याकडे आला तोच भिजून आला. जिनवाल्यालाही दाव्यात घ्या. कोर्टानं घेतलं. पुंडलिकराव प्रतिवादी क्रमांक दोन झाले.

"आता तुम्हीही कोणाला तरी आत ओढा," वकील म्हणाले. बरोबर आणलेली कापसाची पिशवी त्यांनी ओट्यावर ठेवली. खराब झालेल्या गाठीतला नमुना होता, एव्हाना वाळलेला. "गाठी बंदरापर्यंत कोणी नेल्या?"

तारेच्या पायाची खुर्ची समोरच होती. जहीरभाई रोज संध्याकाळी तिच्यावर बसून चहा पीत असे. दुसऱ्या कोणी ती ओढली तर पुंडलिकराव म्हणत, "राहू दे, माणूस येऊन राह्यला."

"तो माह्या घरचा माणूस हाय, साहेब."

"मग बरंच झालं. राग मानणार नाही. नाव फक्त कागदावर राहील."

नोटीस मिळाली त्याच संध्याकाळी जहीरभाई आला. खुर्चीवर बसला, पण पाठ टेकवली नाही.

"पुंडलिकराव, माह्या बापाचं नाव बी बराबर लिवलं यात. आज्याचं बी. एवढं कोणाले मालूम? तुमीच सांगतलं असन."

"कागदावरचं हाय ते, जहीरभाई."

"मंग चहा बी कागदावरच पाजा."

चहा आला तेव्हा खुर्ची रिकामी होती.

पुढं सगळं रीतसर झालं. जहीरभाईच्या वकिलानं विचारलं, ट्रकवर झाकलं काय होतं? ताडपत्री. ती कोणी शिवून दिली? लखीरामनं. मग लखीराम प्रतिवादी क्रमांक चार. लखीरामला वाचता येत नव्हतं. गावात खात्रीचं वाचणारं माणूस म्हणजे पुंडलिकरावांची बायको लीलाबाई, म्हणून तो नोटीस घेऊन तिच्याच दारात आला.

"अगाई, लग्नाच्या पत्रिकेत इतकी नावं नसते," लीलाबाई म्हणाली. "तुहं बी हाय, पाह्य."

"मामी, मी कधी वर्ध्याच्या पुढं नाही गेलो, अन् जहाज कसं बुडवलं?"

"बुडालं नाही बाप्पा, कापूस ओला झाला. ताडपत्री फाटकी होती म्हणते."

"शिवली तवा धड होती! भोकं तं खुशीताईच्या लग्नात पडले. आचाऱ्याची भट्टी तिच्याखालीच पेटवली होती ना? ठिणग्या उडून राह्यल्या होत्या!"

लीलाबाईचा चेहरा उतरला. मांडववाल्यानं ऐनवेळी दगा दिला, तेव्हा जहीरभाईनंच ट्रकवरची ताडपत्री सोडून आणली होती, आणि स्वतः मांडवाच्या बल्लीवर चढून बांधली होती. लेक खुशी त्याच ताडपत्रीखालून सासरी गेली.

"हे वकिलाले सांगतलं का तू?"

"त्यानं इचारलं, म्या सांगतलं. चुकलं का, मामी?"

तोवर रुपीबाईची शेळी ओट्यावर चढून नमुन्याच्या पिशवीत तोंड घालून होती. लीलाबाईनं तिला हुसकलं. "सरकी देली तं तोंड फिरवते, अन् हे वाळलेलं कशी चाटून राह्यली!"

काही दिवसांनी वकिलांचा फोन आला. लग्नघरालाही दाव्यात घेतलं होतं.

"म्हणजे कोणाले?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"वधूपित्याला. प्रतिवादी क्रमांक पाच. तुम्हीच."

"दोन नंबरवर मीच हाओ ना?"

"दोन म्हणतोय, ताडपत्री फाटकी होती. पाचवर आरोप आहे, त्यानंच ती फाडली. दोघांचे हितसंबंध विरुद्ध आहेत. पाचसाठी दुसरा वकील बघा. आणि प्रतिवादींनी आपापसात बोलू नका."

"मी माह्याशी बी नोको बोलू?"



त्या संध्याकाळी जहीरभाई आला. सोबत लखीराम. जहीरभाई त्याच खुर्चीवर बसला, तोंड रस्त्याकडे करून.

"लखीराम, त्याईले सांग. लगनाची गोष्ट माह्या वकिलानं तीन खेपा इचारली. म्या नाही सांगतली."

लखीराम दोघांच्या मधे भुईवर बसला होता. त्यानं मान वळवली. "सांगू?"

"ऐकलं म्या," पुंडलिकराव म्हणाले. "त्याले म्हण, चहा ठेवला हाय."

"त्याईले म्हण, वकिलानं मना केली."

"चहाची?"

"बसाची."

जहीरभाई उठला. तार आवळलेला पाय कुरकुरला. फाटकापाशी जाऊन त्यानं स्कूटर सुरू केली, मागं पाहिलं, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच लखीरामला मधे न घेता ओरडला,

"पुंडलिकराव, शेळी तुमचा पुरावा खाऊन राह्यली!"

पुंडलिकराव धावले. शेळी पिशवी सोडेना. कापूस चाटून चाटून तिचे डोळे अर्धे मिटले होते. त्यांनी पिशवी हिसकावून उंच फळीवर ठेवली, तोवर फाटकात नुसती धूळ होती. लखीराम उभाच होता. बसावं म्हणून त्यानं खुर्चीला हात लावला.

"राहू दे," पुंडलिकराव म्हणाले. पुढचं वाक्य त्यांना सुचलं नाही.

चितगावच्या धक्क्यावर पहिली गाठ फोडली, तेव्हा तिच्यातून गळालेलं पाणी खारट होतं.