ओटी भरून फोडलेला बांध

एका जंगलात, बाळांनो, वर तळं होतं आणि खाली सखल रान होतं. मधे मातीचा बांध. सखलात बिळंच बिळं. ससे, घुशी, साळिंदरं अशी सगळी गरीब जनता तिथे राहायची. राजा गवेंद्रमहाराज, म्हणजे गवा, राहायचा उंच टेकाडावर. राजाने कोरडंच राहायचं असतं. आणि सेनापती होता मगरोजी. तो तळ्यात राहायचा.

राजाच्या आजोबांच्या वेळी पलीकडच्या डोंगरातून लांडगे चालून आले होते. तेव्हा बांध फोडला नि लांडगे वाहून गेले. मोठा विजय झाला. तेव्हापासून रीतच पडली. डोंगरात लांडगा ओरडला की बांध फोडायचा.

पण तसाच नाही हं फोडायचा. आधी बांधाची ओटी भरायची. खण, नारळ, हळदकुंकू, सगळं साग्रसंगीत. ओटी भरायला बिळातल्या बायका बोलवायच्या, कारण मान त्यांचा. बायका नटूनथटून वर यायच्या. मग महाराज शिंगाने बांध फोडायचे. बायका वाचायच्या. पोरं खाली बिळात असायची.

पाणी ओसरलं की मगरोजी भाषण करायचा. तुमच्या त्यागाने रान वाचलं म्हणायचा. बोलताना त्याचं पोट जरा जास्तच गोल दिसायचं. मग त्याच बायकांनी बांध पुन्हा लिंपून द्यायचा.

काटूबाई नावाची साळिंदर होती. मागच्या विजयात तिची सगळी पिल्लं गेली होती. यंदा पुन्हा झाली होती, अजून काटेसुद्धा मऊ होते. डोंगरात लांडगा ओरडला आणि ओटीचं बोलावणं आलं. काटूबाई गेली नाही. ती सरळ डोंगर चढली. म्हणाली, माझी लेकरं ज्याच्यासाठी बुडवायची त्याचं तोंड तरी बघू.

वर गुहेच्या दारात एकच लांडगा बसला होता. म्हातारा. तोंडात दात नाही.

"बाकीचे कुठायत, दादा?" तिने विचारलं.

"कधीच गेले दुसऱ्या रानात. मला पळवत नाही, म्हणून राहिलो."

"मग ओरडतोस कशाला?"

"मी ओरडलो की तुम्ही पाणी सोडता," लांडगा म्हणाला. "पाण्याबरोबर पायथ्याला लागतं काहीबाही. भिजून मऊ झालेलं असतं. बिनदाताच्याला बरं पडतं."

काटूबाई मागे फिरली. तशीच धापा टाकत ओटीच्या जागी आली नि सगळं सांगितलं. बायका ऐकत होत्या. बांधावर रोखलेलं महाराजांचं शिंग खाली आलं. त्यांना हायसं वाटणार, तेवढ्यात मगरोजी म्हणाला, "बाई शत्रूला भेटून आल्या. आपलं काय काय सांगून आल्या, ते नाही सांगितलं."

महाराज दचकले. एकच दिसला म्हणजे बाकीचे दडलेत, असा त्यांनी विचार केला. राजाला विचार सुचला की प्रजेने सावध व्हावं, बाळांनो. बांध उद्या सकाळी, दुप्पट ओटी भरून फोडायचा ठरला.

काटूबाई घरी आली. एकेक पिल्लू तोंडात धरून डोंगराकडे निघाली. बाकीच्या बायकांनी पाहिलं. आपापली पोरं घेऊन त्या मागोमाग निघाल्या.

गुहेशी पोचल्यावर ती लांडग्याला म्हणाली, "सरक."

त्याने तिच्या पाठीवरचे काटे पाहिले आणि सरकला. आता ओरडून काही लागायचं नाही, हे त्याला कळलं. तो गप्प बसला.

सकाळी डोंगरातून आवाज नाही. मगरोजी म्हणाला, महाराज, हे फारच वाईट. शत्रू चोरपावलांनी येतोय. ओटीला बाई सापडेना, म्हणून महाराजांनीच कशीबशी भरली. यंदा तळं काठोकाठ होतं. महाराजांनी शिंग मारलं नि टेकाडावर पळाले. पाणी सखलात मावेना. ते टेकाडाला चहूकडून भिडलं आणि चढत चढत महाराजांच्या गुडघ्यापर्यंत आलं.

मगरोजी पोहत आला. मुजरा केला. "महाराज, आता शत्रू आत येणं अशक्य."

"आणि मी बाहेर कसं जायचं?" महाराजांनी विचारलं.

मगरोजी म्हणाला, ते जरा जवळ येऊन सांगतो.

तात्पर्य: रान पाण्यानेच वाचतं. ते कधी सोडायचं हे मात्र पाण्यात राहणाऱ्यालाच विचारावं. बिळात राहणाऱ्याला विचारलं तर नुसती माणसं वाचतात, विजय होत नाही.