भुरेरावांचा पहिला मासा

एका जंगलात, बाळांनो, डोंगराच्या ऐन माथ्यावर भुरेराव नावाचे एक बोके राहत असत. त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. बायको काजळी ही समुद्रकाठची मांजर. माहेरी ती नुसत्या पंजाने मासे धरायची. पण सासरी हे तिला कोणी विचारलं नाही, आणि न विचारता सांगायची तिला सवय नव्हती.

लग्नानंतर दोघं चार दिवस एका बेटावर फिरायला निघाली. भुरेरावांनी गळ घेतला, टोपी घेतली, बारा खिशांचं जाकीट घेतलं. निघताना म्हणाले, "आई, पहिला मासा धरला की फोटो पाठवतो."

"तोवर मी दुधाला तोंड लावणार नाही," आई म्हणाली.

भावकीने माना डोलावल्या. मावशी मात्र काजळीच्या पायांकडे बघत म्हणाली, "आता कळेल सुनेचा पायगुण."

मांजरीला पाय चार. म्हणजे जबाबदारीही चौपट.

बेटावर रोज न्याहारी झाली की भुरेराव खडकावर जाऊन बसत. नेमकी तेव्हा ओहोटी असे.

"अहो, पाणी लांब गेलंय," काजळी म्हणाली. "दुपारी भरतीला येऊ या ना."

"अगं, पाणी कुठे जातंय? आमच्या तळ्यातलं पाणी कधी जागा सोडत नाही. आणि दुपारी मी झोपतो."

शेजारी बेटावरचा एक म्हातारा बगळा उभा होता. तो म्हणाला, "जावईबापू, गळ चिखलात पडलाय."

"चिखलातले मासे बेसावध असतात," भुरेराव म्हणाले. बगळ्याने हा मुद्दा आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला.

तीन दिवस गेले. भुरेरावांचं नाक उन्हाने सोलून निघालं. काजळीला त्यांच्याबरोबर वाळूत लोळायचं होतं, निदान दोन शब्द बोलायचे होते. पण खडकावर बोलायला बंदी होती. मासे पळतात म्हणे.

चौथ्या दिवशी ऐन जेवणात आईचा निरोप आला. 'चक्कर येते आहे. माझी काळजी करू नकोस. मावशी म्हणते, पायगुण, दुसरं काय. मी काही म्हणत नाही.'

संध्याकाळी परतीची होडी होती. भुरेराव भरल्या पानावरून उठले आणि झोप सोडून खडकावर जाऊन बसले. आज समुद्र आपणहून खडकाशी आला होता. पण गळाचं आमिष खेकड्यांनी केव्हाच फस्त केलं होतं, ते काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. तास गेला. मिशा खाली आल्या.

"काजळे," ते हळूच म्हणाले, "सगळे तुलाच बोलतील गं."

खडकावर ते स्वतःहून पहिल्यांदाच बोलले होते. पायगुणाची काजळीला चीड होतीच. पण त्या पडलेल्या मिशा तिला बघवेनात.

"मी जरा शंख वेचून येते हं," ती म्हणाली.

खडकाला वळसा घालून ती पाण्यात शिरली. एक वीतभर मासा पंजात धरला, गळाला अडकवला आणि दोरीला हिसका दिला. बगळ्याने सगळं पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली.

भुरेराव ओरडले, नाचले, घसरून पडले, उठले. फोटो गेला. खाली लिहिलं होतं, 'हातभर मासा!' आईचं उत्तर लगेच आलं, 'माझा उपास फळला.' मावशीने लिहिलं, 'शेवटी रक्त कोणाचं!' पायगुणाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

"तू कशी गं भिजलीस?" होडीआधी मासा खायला बसताना भुरेरावांनी विचारलं.

"लाट आली."

"बघ, मासेमारी म्हणजे संयम. पुढच्या वर्षी आठ दिवस येऊ. तुलाही शिकवतो."

"शिकवा," काजळी म्हणाली, आणि माशाचा मधला तुकडा आधी आपल्या पानात वाढून घेतला.

तात्पर्य : सबुरीचं फळ मिळतंच. सबुरी बायकोची असेल, तर ते नवऱ्याला मिळतं आणि सासूला घरबसल्या.